शिडाच्या होडीतला संसार

इस्लामपूरला समुद्र नाही. एका बाजूला कृष्णा, दुसऱ्या बाजूला वारणा, मध्ये ऊस, आणि हमरस्ता गाठायचा तर पेठ नाका. शासनाने २०२५ साली गावाचे नाव ईश्वरपूर असे जाहीर केले, पण एस. टी. स्टँडवर भेटणाऱ्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून इस्लामपूरच येते, म्हणून आम्हीही तेच लिहितो. अशा गावच्या माणसांनी समुद्रावर महिनोन्‌महिने राहणाऱ्या शिडाच्या होड्यांविषयी लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु हा लेख वाऱ्याविषयी नाही आणि लाटांविषयीही नाही. होडीच्या पोटात माणसे राहतात कशी, धान्य, पाणी, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण ठेवतात कुठे, याविषयी आहे. हा प्रश्न तुमच्या-आमच्या घरातलाच आहे.

निमित्त असे झाले. कृष्णाकाठच्या एका खेड्यात राहणाऱ्या आमच्या वहिनींना रमाई आवास योजनेतून घरकुल मंजूर झाले. क्षेत्रफळ २६९ चौरस फूट. राहणारी माणसे पाच : वहिनी, मुलगा, सून आणि दोन नाती. मंजुरीचा कागद हातात आला त्या दिवसापासून वहिनींच्या डोक्यात एकच घोळ सुरू झाला. वर्षाचे ज्वारी-गहू कुठे? मांडणी कुठल्या भिंतीला? मोठी नात दहावीला, तिने अभ्यास कुठे करायचा? पाहुणा आला तर झोपायचा कुठे? मुलगा म्हणे, "गवंडी बघेल." वहिनी म्हणत, "सैपाक गवंडी करणाराय का?"

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळे मिळून गोव्याला गेलो. कोल्हापूर, आजरा, आंबोलीचा घाट, सावंतवाडी, बांदा आणि पणजी. आमच्या वस्तीतला एक मुलगा तिकडे सुतारकाम करतो. लहानपणी इस्लामपुरात खाटा-पाट करणाऱ्याच्या हाताखाली शिकला, आता होड्यांच्या आतले फर्निचर करतो. पावसाळ्यापूर्वी तिकडे होड्या पाण्याबाहेर काढतात, टेकू देऊन उभ्या करतात, तळ घासतात, रंगवतात. तशा दोन होड्या त्याच्या हाती कामाला होत्या. मालकाची परवानगी काढून त्याने आम्हाला दोन्ही आतून दाखविल्या.

वहिनी आधी शिडीला हात लावीनात. कृष्णाकाठच्या माणसाला नाव म्हटले की पूर आठवतो. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ पुरातून माणसे बाहेर काढणारी नाव उलटली आणि गावकऱ्यांचे बळी गेले. ते दिवस आमच्याकडे कुणी विसरलेले नाही. "ही जमिनीवर उभी हाय मामी, बुडायची न्हाई," असे त्या मुलाने सांगितल्यावर त्या चढल्या.

पहिली होडी : अरुंद आणि जुन्या घडणीची

पहिली होडी तीसेक फूट लांबीची, अंगाने अरुंद. चार पायऱ्या उतरून आत गेले की उजव्या हाताला लगेच स्वयंपाकाची जागा. डाव्या हाताला नकाशे मांडायचे छोटे टेबल, त्याच्या झाकणाखाली खण. पुढे दोन्ही बाजूंना लांब बाकडी, मध्ये घडीचे टेबल, त्यापुढे एवढासा संडास, आणि अगदी पुढे निमुळत्या टोकात त्रिकोणी बिछाना, त्यावर शिडांच्या पिशव्या भरलेल्या.

स्वयंपाक दाराशी का? आम्ही विचारले. उत्तर सरळ होते. होडीची दोन टोके सर्वांत जास्त वरखाली होतात, मधला आणि मागचा भाग कमी हलतो. शिवाय दार जवळ म्हणून वाफ बाहेर जाते, हवा आत येते, आणि वर सुकाणू धरून बसलेल्या माणसाला चहाचा कप हातात देता येतो. शेगडी दोन खिळांवर पाळण्यासारखी टांगलेली. होडी कलली तरी शेगडी सपाट राहते. भांड्याभोवती लोखंडी पट्ट्या, म्हणजे पातेले सरकत नाही. आणि कपाटात प्रेशर कुकर! लांबच्या प्रवासाला जाणारे लोक कुकर मुद्दाम घेतात, कारण झाकण घट्ट बसते, सांडत नाही, आणि गॅस वाचतो. वहिनींना होडीविषयी पहिला विश्वास वाटला तो हा कुकर पाहून.

प्रत्येक फळीच्या कडेला दोन बोटे उंचीची पट्टी मारलेली. आपल्या स्टीलच्या मांडणीला ताटे उभी राहावीत म्हणून पुढे दांडी असते, तीच युक्ती. खण नुसते ओढून उघडत नाहीत. थोडे वर उचलून मग ओढावे लागतात. नाहीतर समुद्र हलला की सगळे खण आपोआप बाहेर येतील. कांद्या-बटाट्यांना छताला जाळ्या टांगलेल्या, दोन्ही वेगवेगळ्या. म्हणजे आपले शिंकाळेच. हवा लागते, उंदीर पोहोचत नाही, आणि होडी हलली तरी माल ठेचत नाही.

बाकड्यांवरच्या गाद्या उचलल्या तर खाली झाकणे, झाकणांखाली कप्पे. तळाशी पाण्याच्या टाक्या, त्यावर डबे. जड वस्तू खाली आणि मध्यावर, हलक्या वस्तू वर. हा नियम मोडला तर होडीचा तोल जातो. रात्री याच बाकड्यांवर झोपायचे. बाकड्याच्या कडेला जाड कापड शिवलेले असते, ते वर ओढून छताला बांधायचे, म्हणजे झोपलेला माणूस लाटेने खाली पडत नाही. लहान नातीने त्यात आडवे होऊन पाहिले आणि "ही तर झोळी" असा निकाल दिला.

दुसरी होडी : रुंद आणि नव्या घडणीची

दुसरी चाळीस फुटांच्या घरातली, रुंद, परदेशी बनावटीची. आत पाऊल टाकताच उजेड. मोठा सोफा, मागे दोन खोल्या, पुढे एक, संडास-बाथरूम दोन, फ्रिज, लांबलचक ओटा. सुनेला हीच आवडली. कुणाला आवडणार नाही? सहा-आठ माणसे चार दिवसांच्या सहलीला निघाली, रोज संध्याकाळी बंदरात नांगर टाकला, तर यासारखे सुख नाही. मुलांना वेगळी खोली, बसायला ऐसपैस, वारा खेळता.

पण तो सुतार मुलगा एकेक गोष्ट दाखवू लागला. खोल्या वाढल्या म्हणून कोठारे घटली. जिथे पहिल्या होडीत दोऱ्या, शिडे आणि डबे ठेवायची जागा होती, तिथे इथे बिछाना आहे. तळ उथळ, म्हणून जमिनीखाली ठेवायला जागा थोडी. आणि मधली मोकळी जागा इतकी रुंद की लाटेने होडी कलली तर माणूस या भिंतीवरून त्या भिंतीवर आदळेल. मध्ये धरायला काही नाही. पहिल्या होडीत डोक्यावर दोन्ही बाजूंनी दांडके होते. एस. टी.त उभे राहिल्यावर धरतो तसे ते धरून चालता येत होते. अरुंदपणा तिथे अडचण नव्हती, आधार होता.

आम्ही म्हटले, "म्हणजे पहिली चांगली?" तो म्हणाला, "तसं न्हाई मामा. कशाला पायजे त्यावर हाय. बंदरात ऱ्हायचं तर दुसरी, समुद्रात ऱ्हायचं तर पहिली."

जगप्रदक्षिणा केलेल्या होड्या

जुने गोवे येथून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की दिवाडी बेट लागते. या बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 'म्हादेई' ही ५६ फुटी शिडाची होडी नौदलासाठी बांधली गेली. आराखडा डच, हात गोव्याचे. २००९च्या ऑगस्टमध्ये दिलीप दोंदे हे नौदल अधिकारी तिच्यातून एकटे मुंबईहून निघाले आणि २०१०च्या मे महिन्यात पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. असे करणारे ते पहिले भारतीय. होडी बांधली जात असताना ते स्वतः तिथे उभे होते. ज्याला आत राहायचे आहे त्याने बांधकामावर उभे राहावे, ही गोष्ट वहिनींनी लगेच उचलली.

त्याच कारखान्यात पुढे 'तारिणी' झाली. सुमारे १७ मीटर लांब, ५ मीटर रुंद. १० सप्टेंबर २०१७ रोजी वर्तिका जोशी, प्रतिभा जामवाल, स्वाती पी., ऐश्वर्या बोड्डापाटी, एस. विजया देवी आणि पायल गुप्ता या सहा नौदल अधिकारी स्त्रिया तिच्यातून निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी पृथ्वीला फेरी मारून गोव्यात परत आल्या. न्यूझीलंडहून फॉकलंड बेटांपर्यंतचा त्यांचा टप्पा सुमारे चाळीस दिवसांचा होता. वाटेत दुकान नाही, बाजार नाही. सहा जणी, दिवसाला तीन वेळचे खाणे, चाळीस दिवस : हिशेब केला तर ७२० ताटे होतात. तेवढा शिधा निघण्यापूर्वी आत रचून ठेवलेला असावा लागतो, आणि पहिल्या दिवशी लागणारी वस्तू शेवटच्या दिवसाच्या वस्तूखाली जाऊन चालत नाही. २ ऑक्टोबर २०२४ रोजी याच 'तारिणी'तून दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी परतल्या. होडी तीच, माणसे सहाऐवजी दोन. शिध्याची जागा वाढली, पण वस्तू उचलणारे, बांधणारे, शोधणारे हात मात्र चारच राहिले.

लांबच्या प्रवासात सगळे एकाच वेळी झोपत नाहीत. पाळ्या असतात. एकजण उठला की दुसरा त्याच जागी आडवा होतो. ज्यांच्या घरची माणसे मुंबईला गिरणीत होती त्यांना हे सांगायला नको. सातारा-सांगलीकडची कितीतरी माणसे गिरणगावात एकाच खोलीत पाळीप्रमाणे झोपली. रात्रपाळीवाल्याची वळकटी आणि दिवसपाळीवाल्याची वळकटी एकाच कोपऱ्यात, ट्रंका एकावर एक, आणि प्रत्येकाचा खिळा ठरलेला. त्या माणसांनी समुद्रप्रदक्षिणा केली नाही, पण लहान जागेत दहा माणसांनी भांडण न करता कसे राहायचे ही विद्या त्यांच्याजवळ होती.

मुंबईचाच विषय निघाला म्हणून सांगतो. जगाला एकट्याने, कुठेही न थांबता शिडाच्या होडीतून पहिली फेरी मारली ती रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशाने. १४ जून १९६८ रोजी निघून तो २२ एप्रिल १९६९ रोजी परतला. त्याची 'सुहैली' ही ३२ फुटी होडी मुंबईत सागवानात बांधलेली होती. रुंदी अकरा फुटांच्या आसपास, दोन्ही टोके निमुळती. म्हणजे आत उभे राहण्याजोगी जागा आपल्या एखाद्या खोलीएवढीच. दहा महिन्यांहून अधिक काळ तो त्या खोलीत राहिला. वाटेत वादळाने होडी आडवी झाली आणि टाक्यांतले पिण्याचे पाणी खराब झाले. पुढे त्याने पावसाचे पाणी धरून दिवस काढले. म्हणून शहाणे खलाशी सगळे पाणी एका टाकीत ठेवत नाहीत; टाक्या दोन-तीन, आणि वर सुटे कॅन.

होडीत सामान रचण्याची कला आपल्याकडे नवी नाही. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगविलेले आहे. मागच्या बाजूला आडोशाखाली रांजण ओळीने मांडलेले दिसतात. त्या चित्रकाराने लाटा आणि मासे दाखविले तसे पाण्याचे रांजणही विसरला नाही. अजिंठ्याच्या चित्रावरून दोरीने फळ्या शिवून बांधलेले 'कौंडिण्य' हे जहाज २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलात दाखल झाले. तेही गोव्यातच बांधले गेले.

हाताशी काय असावे?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अभिलाष टॉमी या नौदल अधिकाऱ्याने २०१२-१३ साली 'म्हादेई'तून कुठेही न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा केली होती. २०१८ साली ते 'सुहैली'च्या धर्तीवर गोव्यात बांधलेल्या 'थुरिया' या ३२ फुटी होडीतून पुन्हा निघाले. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात वादळाने होडी उलटीपालटी केली, डोलकाठ्या मोडल्या आणि त्यांच्या पाठीच्या मणक्याला जबर मार बसला. चालता येईना. प्रत्येक दर्यावर्दी माणूस एक पिशवी तयार ठेवतो. होडी सोडायची वेळ आली तर ती एकच पिशवी उचलायची. तिच्यात हातातला वायरलेस, बॅटरी, पाणी, औषध असते. टॉमींच्या होडीत तशी पिशवी होती. पण ती पिशवी काही हातांवर होती आणि त्यांना तिथवर पोहोचणे कठीण होते, असे त्यांनी संदेशात कळविले. तीन दिवसांनी, २४ सप्टेंबरला, फ्रेंच जहाजाने त्यांना वाचविले. हेच टॉमी पुढे २०२३च्या एप्रिलमध्ये ३६ फुटी होडीतून तीच शर्यत पूर्ण करून दुसरे आले. पहिली आली ती दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर ही स्त्री. त्या शर्यतीत एका स्पर्धकाची होडी काही मिनिटांतच बुडाली. तेवढ्या वेळात जे हाताशी होते तेवढेच त्याच्याबरोबर तराफ्यात गेले. त्याला जाऊन वाचविले ते याच कर्स्टनने.

हे आम्ही वहिनींना सांगत होतो तेव्हा त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आमची ट्रंक."

२०१९ साली पाणी घरात शिरले तेव्हा जातीचा दाखला, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचे पुस्तक सारे एका ट्रंकेत होते. ट्रंक होती पलंगाखाली, आणि पलंगावर वर्षाचे धान्य चढवून ठेवले होते. धान्य वाचावे म्हणून वर ठेवले, आणि कागद खाली राहिले. चार माणसांनाही पलंग हलेना. नंतर कागद उन्हात वाळत घातले. शिक्का पुसला, सही पुसली. मुलाला नवे दाखले काढायला पुढे किती हेलपाटे पडले याचा हिशेब नाही. आपल्या माणसांचे सगळे पुढे जाणे या कागदांवर असते : प्रवेश, शिष्यवृत्ती, नोकरी, घरकुलसुद्धा. कृष्णा-वारणेने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीनदा आपल्या जिल्ह्याला बुडविले आहे. तेव्हा दर्यावर्दी माणसाची ती पिशवी आपल्याही घरात हवी. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेले कागद, थोडे पैसे, औषधाच्या गोळ्या, बॅटरी, फोनचे चार्जर. दाराजवळ, खांद्याच्या उंचीच्या खिळ्याला. तिच्यावर दुसरे काहीही टांगायचे नाही, आणि घरातल्या लहान पोरालाही ती कुठे आहे ते ठाऊक हवे.

घरकुलाच्या भिंती उभ्या राहण्यापूर्वी

परत येताना गाडीत वहिनींनी मोठ्या नातीच्या वहीच्या मागच्या पानावर घराचा नकाशा काढून घेतला. तो इथे देतो, कारण ज्या घरांचे पाये अजून खणायचे आहेत त्यांना उपयोग होईल.

स्वयंपाकाचा ओटा दार-खिडकीच्या वाऱ्याला, धूर आणि वाफ बाहेर जाईल असा. भिंतीला लागून दोन पक्के कट्टे, दीड फूट उंच, आतून पोकळ, वर फळीचे झाकण. दिवसा बसायला, रात्री झोपायला, आत धान्य आणि गोधड्या. धान्याच्या कट्ट्याला विटांचा थर देऊन तळ उंच घ्यायचा, आणि बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीला तो लावायचा नाही. झाकणाला आणि बाजूला भोके ठेवायची. होडीतल्या प्रत्येक कपाटाच्या दाराला जाळी किंवा भोके होती ती याचसाठी. बंद जागेत कोंडलेली हवा कापडालाही बुरशी आणते आणि धान्यालाही. पोटमाळ्यावर फक्त हलके सामान. लोखंडी ट्रंक, जाते, पाट्याचा दगड डोक्यावर चढवायचा नाही. घडीचे टेबल खिडकीशी, भिंतीला बिजागरीने लावलेले : जेवताना खाली, एरवी वर. मात्र संध्याकाळी सात ते दहा ते दहावीच्या नातीचे, त्यावर कुणी पातेले ठेवायचे नाही. आणि दाराच्या आतल्या बाजूला एक यादी. दर्यावर्दी लोक डब्यांवरचे कागद काढून टाकतात, कारण ते ओले होऊन पंपात अडकतात. डब्यावर रंगाने आकडा लिहितात आणि कुठला आकडा कुठल्या कप्प्यात याची यादी करतात. आमच्या वहिनींना अक्षर येत नाही, पण यादी नात लिहिणार आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. होडीतला माणूस अरुंद जागेत राहतो तो आपल्या खुशीने, आणि आठ-दहा महिन्यांनी जमिनीवर उतरतो. आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या अरुंद जागेत राहिली ती खुशीने नव्हे. चाळीस फुटांच्या होडीत दोन माणसे फिरतात आणि २६९ फुटांत पाच माणसे जन्म काढतात, हे विसरून "मांडणी नीट करा, जागा पुरते" असा उपदेश कुणी करू नये. जागा वाढवून मागायची ती मागत राहायची. पण भिंती उद्या उभ्या राहणार आहेत, आणि ओटा कुठे, खिडकी कुठे, कट्टा कुठे हे ठरविण्याची संधी एकदाच येते. एकदा सिमेंट वाळले की पुढची चाळीस वर्षे घरातल्या बाईला त्याच ओट्याशी वाकावे लागते.

तेव्हा ज्यांचे घरकुल मंजूर झाले आहे त्या बंधूंना आमचे एवढेच सांगणे : गवंडी चुन्याची रेघ मारील त्या दिवशी घरातल्या बायकांना कामावरून रजा घ्यायला लावा आणि रेघेवर उभे करा. त्यांना रेघेच्या आत उभे राहू द्या, हात पसरू द्या, पीठ मळायला बसतात तसे बसू द्या. हात कुठवर पोचतो ते बघा, आणि मग खुंट्या ठोका. आमच्या वहिनींनी तारीख कळवली आहे. त्या दिवशी त्यांनी उसाच्या खुरपणीला येणार नाही असे सांगून ठेवले आहे, आणि मोजमापाची टेप मोठ्या नातीच्या हातात राहणार आहे.